न दाबलेला टोफू

परदेशातल्या नव्या गावात कोरियन टोफूचं दुकान शोधायचं, तर आधी कोरियन किराणा कुठे आहे ते पाहावं. अमेरिकेत तो बहुतेक वेळा एच मार्ट असतो. ही साखळी १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका दुकानापासून सुरू झाली आणि आता मोठ्या कोरियन वस्तीजवळ बहुधा तिची शाखा असतेच. तिच्या पार्किंगच्या कडेला किंवा पुढच्या चौकात, बेकरी, ड्रायक्लीनर आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधोमध, काळ्या भांड्याचं चित्र असलेली पाटी दिसेल. नावात ‘टोफू हाउस’ किंवा ‘सून टोफू’ असं काहीतरी. थंडीत काचेला आतून वाफ धरलेली असते, आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि ‘आपल्याला इथे काय मिळणार खायला’ म्हणून बरेच देशी लोक पुढे निघून जातात. जाऊ नये.

आपल्या लोकांचं टोफूबद्दलचं मत बनलेलं असतं ते पाण्यात बुडवून विकायला ठेवलेल्या घट्ट चौकोनी वडीवरून. पनीरच्या जागी ती भाजीत घातली, कोणी खाल्ली नाही, विषय संपला. ती वडी म्हणजे दाबून पाणी काढलेला टोफू. पनीरचा स्निग्धपणा तिच्यात नाही आणि मूळचा मऊपणाही दाबताना गेलेला. कोरियन दुकानातला टोफू दाबलेलाच नसतो. सोयाबीनचं दूध साकळलं की जो लिबलिबीत पांढरा गोळा तयार होतो तो तसाच उचलायचा. त्याला सुनदुबू म्हणतात, आणि तो तिखट रश्श्यात उकळून जो पदार्थ होतो तो सुनदुबू जिगे. शंभर ग्रॅममध्ये नव्वदच्या आसपास पाणी, पाचेक ग्रॅम प्रथिनं, बाकी किरकोळ. दुकानाचं सगळं कसब ही पाणीदार वस्तू न मोडता, उकळत्या अवस्थेत गिऱ्हाइकाच्या चमच्यापर्यंत पोचवण्यात आहे. काळं भांडं, कच्चं अंडं, वेगळ्या दगडी भांड्यातला भात, अवतीभोवतीच्या वाट्या, टेबलावरचं सगळं त्या एका कामासाठी मांडलेलं असतं.

टोफू कसा होतो ते एकदा नीट समजलं की दुकान जोखणं सोपं जातं. सोयाबीन रात्रभर भिजवायचा. उन्हाळ्यात सहा-आठ तास पुरतात, कडाक्याच्या थंडीत बारा लागतात. दाणा मधोमध मोडून पाहावा. आतला भाग खोलगट आणि जरा गडद राहिला असेल तर अजून भिजायचा आहे. कमी भिजलेला सोयाबीन कितीही वाटला तरी दूध देत नाही, चोथाच जास्त निघतो. जुना साठवलेला माल असेल तरी तेच. मग पाण्याबरोबर गंधासारखा वाटायचा. पाण्याचं प्रमाण कोरड्या सोयाबीनच्या आठ ते दहा पट.

हे दूध तापवणं हे सगळ्यात कटकटीचं काम. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या पुढेमागे फेस एकदम वर येतो आणि वाटतं उकळी आली. ती खोटी उकळी. तिथे गॅस बंद केला तर कच्च्या शेंगेचा वास राहतो, आणि पचनात अडथळा आणणारी कच्च्या सोयाबीनमधली द्रव्यंही पुरेशी निकामी होत नाहीत. फेस खाली बसवून, तळ सतत ढवळत, मंद आचेवर आणखी दहा मिनिटं उकळावं लागतं. तळ लागला की करपट वास अख्ख्या भांड्यात उतरतो आणि कशानेही जात नाही. मग कापडातून गाळायचं. कापडात उरतो तो चोथा म्हणजे बिजी. त्याचंही स्वतंत्र कालवण करतात.

साकळवण्यासाठी लागतं ते गान्सू, म्हणजे समुद्री मिठातून झिरपलेलं कडू पाणी. पावसाळ्यात खड्या मिठाच्या पोत्याखाली जे कडवट पाणी साचतं तेच हे, मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड. दूध पंच्याहत्तर ते ऐंशी अंशांवर आलं की ते पाण्यात पातळ करून दोन-तीन वेळा विभागून घालायचं, पळी एक-दोनदा हलकेच फिरवायची आणि झाकण ठेवायचं. मॅग्नेशियममुळे दुधातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि पाण्याला आपल्यात कोंडून घेतात. घाई केली, दूध फार गरम असताना ओतलं किंवा जास्त ढवळलं, की प्रथिनं घट्ट आवळली जातात, पाणी बाहेर पडतं आणि रवाळ चुरा हाती येतो. गान्सू जास्त पडलं तर जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा राहतो. कमी पडलं तर भांड्यात पांढरं दूधच दिसत राहतं. नीट जमलं की ढगासारखे गोळे पिवळसर, स्वच्छ पाण्यावर तरंगतात. पाणी स्वच्छ दिसलं की हात थांबवायचा.

कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर गांगनुंग नावाचं शहर आहे. तिथल्या छोदांग भागात गान्सूऐवजी थेट समुद्राचं पाणी वापरतात. या किनाऱ्याला मिठागरांसाठी लागणारे उथळ चिखलाचे पट्टे नाहीत, समुद्र मात्र खोल आणि स्वच्छ आहे. सोळाव्या शतकातला अधिकारी हो योप याने ही पद्धत पाडली अशी कथा सांगतात. छोदांग हे त्याचं टोपणनाव. कथेचं काहीही असो, तिथला सुनदुबू तिखटाशिवाय, पांढराच, बाजूला मुरवलेला सोया सॉस ठेवून खातात. परदेशातल्या एखाद्या दुकानाच्या पाटीवर ‘छोदांग’ दिसलं तर आत टोफूकडे जास्त लक्ष आहे असं समजायला हरकत नाही. निदान तसा दावा तरी आहे.

सगळी दुकानं टोफू घरी करत नाहीत. बरीच दुकानं नळीतला वापरतात. प्लॅस्टिकची जाड सॉसेजसारखी नळी, तीनशे ते साडेतीनशे ग्रॅमची. तिच्यात थंड दूध आणि साकळवणारं द्रव्य, ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन किंवा मॅग्नेशियम क्लोराइड, एकत्र भरून तोंड बंद करतात आणि मग नळीच तापवतात. आतल्या आत साकळत असल्याने पाणी वेगळं निघत नाही. हा टोफू एकसारखा गुळगुळीत असतो, चमच्याने घेतला की कवडी दह्यासारखा स्वच्छ काप पडतो. घरचा असेल तर कडा वेड्यावाकड्या, गोळे लहानमोठे, आणि चावताना सोयाबीनची किंचित गोडी लागते. मेनूत बिजीचं कालवण असेल, किंवा गल्ल्याजवळ बिजीच्या पिशव्या ठेवलेल्या असतील, तर टोफू बहुधा तिथेच होतो. चोथा दुसरीकडून कोण आणणार? माझं मत विचाराल तर तिखट रश्श्यात नळीतल्या टोफूने काही बिघडत नाही. पांढरा मागवायचा असेल तर मात्र घरच्या टोफूचंच दुकान शोधावं.

तिखट, एकाच पदार्थाचं, रात्री उशिरापर्यंत उघडं असं जे टोफूचं दुकान आज जगभर दिसतं, त्याला आकार आला लॉस एंजेलिसमध्ये. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेने देशवार कोटा रद्द केला आणि कोरियन कुटुंबं मोठ्या संख्येने आली; त्याच कायद्याने आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनिअरही तिकडे गेले. १९८६ मध्ये मोनिका ली यांनी तिथल्या कोरियाटाउनमध्ये ‘बेव्हर्ली सून टोफू’ काढलं. सुनदुबू हाच मुख्य पदार्थ ठेवून त्यात मांस, शिंपल्या, मशरूम असे पर्याय आणि तिखटाच्या पायऱ्या. ते चौतीस वर्षं चाललं आणि २०२० मध्ये, साथीच्या काळात, बंद झालं. १९९६ मध्ये ली ही-सूक यांनी ‘बीसीडी टोफू हाउस’ सुरू केलं. बीसीडी म्हणजे बुकछांग-दोंग, सोलच्या मध्यवर्ती भागातलं एक ठिकाण. त्यांची साखळी न्यूयॉर्कच्या बत्तिसाव्या रस्त्यापर्यंत पोचली. आता उलट सोलमध्येच ‘एलए’ ही अक्षरं मिरवणाऱ्या सुनदुबूच्या पाट्या आहेत. कोरियात घरोघरी होणारं कालवण परदेशी जाऊन, प्रतिष्ठा मिळवून परत आलं. यात गंमत आहे, पण नवल नाही.

मराठी माणसं जिथे एकवटली आहेत त्या गावांतून ही दुकानं लांब नाहीत. कॅलिफोर्नियात सनीव्हेल आणि सांता क्लारामधून जाणाऱ्या एल कामिनो रियल या रस्त्यावर कोरियन दुकानांची रांगच आहे, आणि त्याच रस्त्यावर भारतीय किराणाही. न्यू जर्सीत एडिसनकरांनी फोर्ट ली किंवा पॅलिसेड्स पार्ककडे तासभराची फेरी मारावी. ती वाया जात नाही.

आत गेल्यावर मेनू मोठा दिसतो, पण खरं तर दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. पहिली, टोफूबरोबर काय: गोमांस, डुकराचं मांस, शिंपल्या-कोळंबी, किमची, मशरूम, डम्पलिंग. दुसरी, तिखट किती. पायऱ्या साधारण अशा: पांढरा, सौम्य, मध्यम, तिखट, जहाल. इथे आपला मराठी स्वाभिमान आडवा येतो आणि माणूस थेट जहाल मागवतो. चूक तिखट न सोसण्याची नसते. कोरियन मिरची, कोचुगारू, मुळात गोडसर आणि मंद असते. मध्यमपर्यंत तिची चव लागते. त्यापुढच्या पायऱ्यांना बरीच दुकानं वेगळी, जास्त तिखट मिरची मिसळतात, आणि टोफूसारख्या निर्विकार वस्तूवर ती नुसती भाजते. कोल्हापूरचे असलात तरी पहिल्यांदा मध्यमच घ्यावा.

भातासाठी थोडं थांबायची तयारी ठेवावी. चांगल्या दुकानात तो प्रत्येकाला वेगळ्या छोट्या दगडी भांड्यात, दोलसोतमध्ये, शिजवून येतो आणि त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. गर्दीच्या वेळी दुकानं अंदाजाने भांडी आधीच चढवतात, म्हणून ऐन जेवणाच्या वेळेला गेलं तर भात ताजा आणि लवकर मिळतो. दुपारी तीनला गेलात तर स्टीलच्या झाकणाच्या वाटीतला, आधी शिजवून ठेवलेला पुढ्यात येण्याची शक्यता जास्त.

शाकाहारी लोकांनी मात्र इथे डोळे उघडे ठेवावेत. ‘व्हेजिटेबल टोफू’ किंवा ‘मशरूम टोफू’ असं लिहिलेलं असतं, वर टोफू आणि भाज्याच दिसतात, पण खालचा रस्सा बहुतेक ठिकाणी सुक्या म्योलचीचा असतो. म्योलची हा मांदेलीच्याच कुळातला लहान मासा. काही दुकानं गोमांसाच्या हाडांचा रस्सा वापरतात. ‘यात मांस आहे का’ असं विचारलं तर ‘नाही’ असं उत्तर मिळतं, आणि ते खोटं नसतं; विचारणाऱ्याच्या डोक्यात मांस म्हणजे तुकडा आणि सांगणाऱ्याच्याही. म्हणून प्रश्न रश्श्याबद्दलच विचारावा: रस्सा कशाचा आहे, साध्या पाण्यात किंवा भाज्यांच्या पाण्यात करून मिळेल का. भांडं प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं चढत असल्याने हे शक्य असतं. अडचण येते ती आधी कालवून ठेवलेल्या लाल मसाल्याची. त्यात कधी मांसाचा खिमा परतलेला असतो, कधी माशाचा सॉस. तेव्हा दुसरा प्रश्न मसाल्याबद्दल. दोन्हींचं उत्तर मनासारखं नसेल तर पांढरा सुनदुबू पाण्यात करून घ्यावा आणि सोया सॉस वरून. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र इथे जवळपास काहीच मिळत नाही; त्यांना आग्रह करू नये.

वाट्यांचंही तसंच. मागवलेलं येण्याआधी पाच-सहा छोट्या वाट्या टेबलावर येतात, त्या बानचान. पैसे वेगळे पडत नाहीत आणि संपल्या की पुन्हा मागता येतात. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. तपकिरी, चपट्या, चिवट पट्ट्या दिसल्या की त्या माशाच्या पिठाच्या, ओमुक. मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, सोया सॉसमधले गोडसर बटाटे, काकडी हे सहसा चालणारे प्रकार, तरी काकडीबद्दल विचारून घ्यावं. मासे खाणाऱ्यांची मात्र इथे चंगळ असते. काही दुकानं प्रत्येक ताटाबरोबर एक अख्खा लहान मासा कुरकुरीत तळून देतात. तो जोगी, आपल्या ढोमा आणि घोळीच्या घराण्यातला. काटे सरळ असतात, पाठीचा कणा एका ओढीत सुटतो, आणि मालवणी माणसाला कोणी शिकवायची गरज पडत नाही.

मग भांडं येतं. ते तुकबेगी, जाड मातीचं, काळ्या झिलईचं, लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या बैठकीवर ठेवलेलं. स्वयंपाकघरात अशा भांड्यांसाठी शेगड्यांची रांग असते, एका भांड्याला एक शेगडी. माती उष्णता हळू घेते आणि तितकीच हळू सोडते, त्यामुळे गॅसवरून उतरल्यावरही रस्सा दोन-तीन मिनिटं खदखदत राहतो. याच वेळात अंडं फोडायचं असतं. टेबलावर टोपलीत किंवा वाटीत कच्ची अंडी ठेवलेली असतात. भांडं समोर आल्या आल्या, फोटो काढायच्या आधी, मधोमध अंडं फोडावं, चमच्याने थोडा टोफू त्यावर ओढावा आणि हात काढून घ्यावा. मिनिटभराने पांढरा भाग धरतो, बलक पातळ राहतो. लगेच ढवळलं तर अंडं धाग्याधाग्याने पसरतं आणि रस्सा घट्ट, दुधट होतो. काहींना तसाच आवडतो. फोटोच्या नादात उकळी थांबली तर मात्र कच्च्या अंड्याचा चिकट तवंग उरतो आणि काही करता येत नाही. पुन्हा तापवून द्या म्हटलं तर देतात, पण टोफूचा तोपर्यंत लगदा होतो.

टोफू ढवळू नये. वरून एकेक चमचा घ्यावा. पहिला घास जपून, कारण टोफूचा गोळा बाहेरून निवल्यासारखा लागतो आणि आत उकळतं पाणी कोंडलेलं असतं. चमच्यात अर्धा भात, त्यावर टोफू आणि थोडा रस्सा अशी रीत. अख्खा भात भांड्यात ओतणारेही असतात. त्यात गुन्हा नाही, पण भात रस्सा पितो आणि पाच मिनिटांत खिचडी होते. कोरियन शिष्टाचारात भात आणि रस्सा चमच्याने, वाट्यांतलं चॉपस्टिकने. वाटी उचलून तोंडाला लावत नाहीत, आणि भातात चमचा उभा खोचून ठेवत नाहीत, कारण ते पितरांपुढच्या अन्नाचं लक्षण.

दोलसोतमधला भात सुरुवातीलाच दुसऱ्या वाटीत काढून घ्यायचा असतो. तळाला खरपूड राहते, तिच्यावर किटलीतलं गरम पाणी किंवा बार्लीचा चहा ओतून झाकण ठेवायचं. जेवण संपेपर्यंत ती सुटते. ते पाणी, सुंगन्युंग, शेवटी खरपुडीसकट प्यायचं. मीठ नाही, मसाला नाही, आणि तिखटाने चटका बसलेल्या तोंडाला यासारखा दुसरा उतार नाही. पुष्कळ देशी मंडळी हे न कळल्याने भांडं तसंच सोडून उठतात. वेटर घाईने भांडं उचलायला आला तर हात आडवा धरावा.

घरी करायचा असेल तर नळीतला टोफू आणावा. सोयाबीनपासून सुरुवात करण्याचा हट्ट रविवारी मोकळा वेळ असेल तरच. (त्यासाठी अडीचशे ग्रॅम सोयाबीन, सव्वादोन लिटर पाणी, आणि सपाट एक चहाचा चमचा मॅग्नेशियम क्लोराइड अर्ध्या कपभर पाण्यात विरघळवून. लातूर-वाशीमकडे डोळ्यांना दिसेल तिथवर सोयाबीन पिकतो, पण तो जातो तेलाच्या घाण्यात आणि पेंडीत. घरात आला तरी चपातीच्या पिठापुरता. त्या शेंगेचं दूध इतकं गोड असतं हे तिकडेही फार जणांना ठाऊक नसेल.)

रश्श्यासाठी सव्वा लिटर पाण्यात दहा-बारा मोठ्या सुक्या म्योलची, डोकं आणि पोटातला काळा भाग काढून, आणि तळहाताएवढा सुक्या समुद्री शेवाळाचा तुकडा, दाशिमा. पोटाचा भाग राहिला तर रस्सा कडू होतो. पाण्याला उकळी फुटली की दाशिमा काढून टाकायचा, नाहीतर बुळबुळीतपणा येतो. म्योलची आणखी दहा मिनिटं. शाकाहारी रश्श्यासाठी म्योलचीऐवजी चार-पाच सुके शिताके मशरूम, मुळ्याचा जाड तुकडा आणि अर्धा कांदा घालून अर्धा तास. रस्सा थोडा जास्तच करून फ्रीजमध्ये ठेवावा. दोघांच्या दोन वेळा निघतात.

आता एका भांड्याचं माप. दोन मोठे चमचे साधं तेल, एक चमचा तिळाचं तेल. मंद आचेवर पाव कांदा, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि एक चमचा ठेचलेला लसूण. कांदा पारदर्शक झाला की पन्नास-साठ ग्रॅम खिमा किंवा बारीक चिरलेलं मशरूम परतून घ्यायचं. मग गॅस बंद करून दीड ते दोन चमचे कोचुगारू. बंद करूनच. कोचुगारू तेलात पाच-सात सेकंदांत लाल तेल सोडते आणि त्याच्या पुढच्या पाच-सात सेकंदांत करपते. फोडणीत तिखट घालायची सवय असलेला हात इथे हमखास घात करतो. तेल तपकिरी दिसलं तर टाकून पुन्हा करावं. रस्सा ओतून कडवटपणा झाकला जात नाही.

कोचुगारू मिळाली नाही तर बिया काढलेली ब्याडगी जाडसर कुटून घ्यावी. रंग आणि सौम्यपणा जवळ येतो. बाजारची बारीक काश्मिरी पूड घेतली तर ती आणखी लवकर जळते आणि रश्श्याला गढूळ दाटपणा आणते, म्हणून ती घेणं झालंच तर एक चमचाच. संकेश्वरीच्या वाटेला जाऊ नये.

लाल तेलावर तीनशे मिलिलिटर रस्सा ओतायचा, एक मोठा चमचा सूपसाठीचा कोरियन सोया सॉस घालायचा. तो रंगाला फिका आणि जास्त खारट असतो. नेहमीचा गडद सॉस वापरला तर रस्सा काळपट आणि गोडसर होतो, तेव्हा तो अर्धा चमचा आणि बाकी मीठ. उकळी आली की टोफू. नळी मधोमध सुरीने कापावी आणि दोन्ही अर्धे भांड्यावर उलटे धरून पिळावेत, गोळा अख्खा बाहेर येतो. चमच्याने त्याचे मोठे तुकडे करावेत, लहान नकोत, उकळताना ते आपसूक फुटतात. इथे बहुतेकांचा रस्सा पांचट होतो, आणि त्याचं कारण टोफूच्या पोटातलं पाणी. तापला की तो पाणी सोडतो. म्हणून एकतर टोफू आधी दहा मिनिटं चाळणीत निथळत ठेवावा, किंवा रस्सा सुरुवातीला जरा जास्त खारट वाटेल इतपत ठेवावा. शिंपल्या असतील तर सहा-आठ, तोंड उघडेपर्यंत. न उघडलेली टाकून द्यावी. एकूण चार मिनिटं उकळलं की पुरे. अंडं, कांद्याची पात, आणि भांडं थेट टेबलावर.

तुकबेगी विकत घ्यायची झाली तर एकट्यासाठी सोळा सेंटिमीटरच्या आसपास व्यासाची पुरते. नवी आणली की तांदळाचं धुवण भरून मंद आचेवर वीस मिनिटं उकळावं; पेज मातीची छिद्रं बुजवते. सुरुवातीला नेहमी मंद आच, मग वाढवायची. रिकामी तापवायची नाही, गरम भांड्यावर गार पाणी घालायचं नाही, दोन्हींनी तडा जातो. साबणाचा सढळ हात नको. माती साबण पिते आणि पुढच्या उकळीला परत देते. कोमट पाणी, काथ्या, लागलंच तर थोडं पीठ, एवढ्याने निघतं. आपल्या आजीच्या कालवणाच्या मडक्याचे नियम ज्यांना आठवतात त्यांना यात नवीन काही नाही. इंडक्शनवर ती चालत नाही, आणि परदेशातल्या भाड्याच्या घरांत निम्म्या वेळा नेमकं तेच असतं. तिथे लहान बिडाचं पातेलं वापरावं. खदखद थोडी लवकर थांबते, एवढंच.

पार्सल मागवताना अंडं वेगळं आणि न फोडलेलं द्यायला सांगावं, कारण प्लॅस्टिकच्या डब्यात ते रस्त्यातच अर्धवट साकळतं. घरी आणल्यावर डबा मायक्रोवेव्हमध्ये टाकू नये. कडा उकळतात, मधला टोफू गार राहतो. पातेल्यात ओतून, झाकण ठेवून, न ढवळता मध्यम आचेवर कडांना बुडबुडे येऊन मधोमध फुटेपर्यंत तापवावं आणि मग अंडं फोडावं. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी चालतो, टोफू नाही. त्याला जाळी पडते आणि तो रबरासारखा लागतो. तो चाळून काढावा, रश्श्यात उडॉनच्या जाड शेवया घालाव्यात आणि दुपारचं भागवावं.